दाराखालून अबरी

दि. ९ जानेवारी

ती. स्व. आक्कास,
बाळाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. पाकीट नेहमीप्रमाणे खळीनं असं घट्ट चिकटवलं होतंस की उघडताना निम्मं पत्र फाटलं. बाइंडरची लेक शोभतेस. मात्र गुडघे ठणकतात असं तू स्वतःबद्दल लिहिलं होतंस की तुझ्या मांजरीबद्दल, ते फाटलेल्या भागात गेलं. तेव्हा जिचे कुणाचे असतील तिची काळजी घे. फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं मी बोलत नाही, हे तुझंच म्हणणं, म्हणून सविस्तर लिहायला बसलो आहे.

दुकान बरं चाललंय. नवी कामं कमी, पण ग्रंथालयाचे जुने खंड दुरुस्तीला येतात. कालच एक खंड उघडला तर आत आपल्या अण्णांच्या हातची शिवण निघाली. तोच मेण लावलेला दोरा, तीच शेवटची गाठ. मी ती उसवलीच नाही, नुसता पुठ्ठा बदलला. खिडकीपाशी त्यांचा पुस्तकं दाबायचा लोखंडी शिकंजा अजून तसाच उभा आहे. त्याची मूठ इतक्या हातांनी गुळगुळीत झालीय की पिळताना मला अजून अण्णांच्या हातावर हात ठेवल्यासारखं वाटतं. खळ शिजायला लागली की तो आंबूस वास येतो आणि मी पुन्हा आठ वर्षांचा होतो. ही म्हणते, वयाला असं मागे जाता येत असेल तर जिना चढताना का धापा टाकता.

आता ठकीचं. सहा महिने झाले, पोरगी गप्प झालीय. सुट्टीत दुकानात यायची, पुठ्ठ्यांवर सोनेरी अक्षरं ठोकता ठोकता तोंडाचा पट्टा असा चालवायची की गिऱ्हाईक पैसे द्यायचं विसरून ऐकत बसायचं. आता एकोणीस पूर्ण झालीय आणि कॉलेजही सोडून बसलीय. वरच्या खोलीत दार लावून, पडदे ओढून पडलेली असते. जेवायला खाली येते, चार घास चिवडते, परत वर. मैत्रिणी यायच्या, त्याही थांबल्या. हिचा जीव खालीवर होतोय. मी हिला सांगितलं, थांब, अण्णांचा नियम आठव. ओलं पुस्तक शिकंज्यातून अवेळी काढलं तर पुठ्ठा वाकतो तो जन्माचा. माणसाचंही तेच. कुणी रुसलं, गप्प झालं, की अण्णा तर्जनी वर करून बजावायचे की शिकंज्यात आहे, कुणी हात लावू नका. मग घरातलं कुणी त्या माणसाकडे नुसतं बघतसुद्धा नसे. कसं शिस्तीचं घर होतं आपलं! मीही ठकीला हात लावत नाही. सुकली की येईल बाहेर.

मांजरीला माझा नमस्कार नको, ती गर्विष्ठ आहे. तुझा लोभ मात्र इकडे असाच वाहता ठेव.

तुझा,
बाळ


दि. २१ जानेवारी

चि. बाळास,
आक्काचे अ. उ. आ.

गुडघे मांजरीचे. माझे तर कधीच कामातून गेलेत, त्यांची बातमी कोण देतो? आणि चोपन्नाव्या वर्षी पत्राखाली ‘बाळ’ म्हणून सही करणारा इसम पाकीट उघडायला कात्री घेत नाही, यात माझ्या खळीचा काय दोष?

अण्णांच्या शिवणीचं वाचलं आणि चष्मा काढून ठेवावा लागला. मला ते सगळं दिसतं रे. कातरणांचा ढीग, त्यात लपलेला तू, आणि आपली पेन्सिल कानावर असताना सगळ्या दुकानात पेन्सिल शोधणारे अण्णा. आई वरून भांडं वाजवायची, म्हणजे जेवायला या. एकदा तू सरसाच्या डब्यात बसलास आणि तुझी चड्डी कापून काढावी लागली, ते वहिनीला सांगितलंयस का? नसशील तर मी पुढच्या खेपेला सांगते.

पण आता माझ्या दोन-तीन साध्या प्रश्नांची उत्तरं दे, आणि चेष्टा न करता दे. सकाळी उठल्यावर ठकी पेला दोन्ही हातांनी धरते का? जिना उतरताना म्हातारीसारखी कठड्याला धरून उतरते का, आणि दुपारनंतर जरा मोकळी होते का? तिची बोटं नीट बघ. लांबून नको, जवळून. ती चिडली तर चिडू दे. का विचारते ते मागाहून सांगेन.

वहिनीला म्हणावं, तुझा जीव खालीवर होतोय तो उगाच नव्हे. पोरीच्या डोक्यावरून माझ्या नावानं हात फिरव. तुम्हा तिघांवर माया आहेच, ती मोजायला बसू नकोस.

तुझी,
आक्का


दि. ६ फेब्रुवारी

ती. स्व. आक्कास,
सा. न. वि. वि.

तू काय जादूटोणा शिकलीस की काय? पेला खरंच दोन्ही हातांनी धरते. मला वाटायचं, हल्लीच्या मुलींची काहीतरी नवी ढब असेल. जिनाही तू म्हणतेस तसाच उतरते. बोटं बघायला गेलो तर हात मागे घेतला, पण दिसलं. उजव्या हाताचं मधलं बोट आणि त्याच्या शेजारचं, दोन्ही फुगून गुळगुळीत झालीत. विचारलं तर म्हणाली की हाताखाली दाबून झोपले असेन.

आता आठवतंय, दिवाणखान्यातल्या दिव्याखाली बसून हिनं तिला एक वही शिवायला दिली होती, तेव्हा सुई तिच्या हातून सारखी पडत होती. मी म्हणालो होतो की लक्ष कुठे असतं तुझं, बाइंडरच्या घरात सुई पडत नसते. त्यानंतर ती दुकानात आलेलीच नाही.

ग्रंथालयाचा दुसरा गठ्ठा आला. कागद महागला. कटिंग मशीनचं पातं परजून आणलं. हिला परवा ठकी म्हणाली की एखाद्या दिवशी सकाळ झालीच नाही तरी तिला काही वाटणार नाही. पोरी बोलतात असं काहीबाही. छत गळत होतं, तेही दुरुस्त करून घेतलं.

तू उगाच घोर लावून घेऊ नकोस. तुझंच बघ ना. तूही विसाव्या वर्षी वर्षभर शिकंज्यात होतीस. ‘आक्काचं मौनव्रत’ म्हणून अजून आपण हसतो. अण्णांनी कुणाला तुझ्या खोलीपाशी फिरकू दिलं नाही, आणि शेवटी कशी सुतासारखी सरळ होऊन बाहेर आलीस! नोकरी केलीस, शाळा चालवलीस, आम्हा सगळ्यांना धारेवर धरलंस. आपल्या घराचा नियम खोटा ठरलेला नाही.

इथे सगळे ठीक. तुझी माया अशीच राहू दे, त्यात कसर नको.

तुझा,
बाळ


दि. १३ फेब्रुवारी

चि. बाळास,
अ. उ. आ.

पत्र मिळालं त्याच दिवशी लिहायला बसले आहे. अक्षर वाकडं आलं तर समजून घे, कारण बोटं वाकडी आहेत. तुम्ही त्यांना आकडे म्हणता, कपडे टांगायचे. त्या विनोदाला मीही हसत आले. आज हसू येत नाही.

मी सरळ होऊन बाहेर आले, असं तुला वाटतं? ऐक मग. त्या वर्षी सकाळी मला वेणी घालता येत नसे, इतके हात आखडलेले असत. अंगात कणकण, सांध्यांत ठणका, आणि मनात काही म्हणजे काही नाही. दुःखसुद्धा नाही रे, दुःखाला निदान चव असते. आईनं केलेलं सगळं कागद चावल्यासारखं लागायचं. मला सांगायचं होतं, पण विचारायला कुणी येतच नव्हतं. माझ्या दारावरून सगळे चवड्यांवर चालत जायचे. अण्णांचा जीव होता माझ्यावर. ते जिन्याखाली उभे राहून वर बघत बसायचे, हे मला आईनं पुढे सांगितलं. पण त्यांना माणसापेक्षा पुस्तकाचं जास्त कळत होतं, आणि पुस्तकाला जे लागू तेच त्यांनी लेकीला लावलं. मी आत पडून ती पावलं ऐकायची आणि वाटायचं, मी या घरात नसल्याची तालीम चालू आहे.

सुकून बाहेर आले नाही मी. मला बाहेर काढलं एका द्वाड कार्ट्यानं, ज्याला नियम कळत नव्हता. तू रोज दुपारी शाळेतून आलास की माझ्या दाराबाहेर पालथा पडायचास आणि दाराखालच्या फटीतून अबरीचे तुकडे आत सरकवायचास. त्या रंगीत लहरींच्या कागदाची कातरणं तू ढिगातून चोरून आणायचास. प्रत्येक तुकड्याबरोबर एक बातमी. कुणाचं पुस्तक आलं, मास्तरांनी कुणाला बदडलं, सरसाच्या डब्यात माशी कशी मेली. मी उत्तर द्यायची नाही. तू दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. तुला आठवतही नाही ना? कसं आठवेल, तू आठ वर्षांचा होतास आणि तुला तो खेळ होता.

मग एकदा बऱ्याच महिन्यांनी मी तोंड उघडलं. काय म्हणाले माहीत आहे? म्हणाले की खळीचा वास येतोय, जा, हात धुऊन ये. झालं तुझं मौनव्रत! तू धावत जाऊन हात धुऊन आलास आणि दार उघडं नसल्यानं ओले हातच फटीतून आत घातलेस. मी ते धरले. तिथून पुढे हळूहळू मी माणसांत आले. बोटांचं मात्र कुणी काहीच केलं नाही. चाळिशी उलटल्यावर एका डॉक्टरांनी रोगाचं नाव सांगितलं, तेव्हा सांधे कायमचे वाकले होते. त्यांनी मला विचारलं होतं की तरुणपणी कधी फार उदास होता का. मी चकित झाले. ते म्हणाले की दोन्ही पुष्कळदा एकाच घरात मुक्कामाला येतात.

मी डॉक्टर नाही. ठकीला तेच आहे असंही म्हणत नाही. पण तिला उद्याच्या उद्या घेऊन जा. सकाळ झाली नाही तरी चालेल, हे वाक्य तू कागदाच्या भावात आणि गळक्या छतात दडपून लिहिलंयस. मला ते दिसलं. त्यावर गप्प बसायचं नाही. आणि तोवर तिच्या दाराबाहेर जाऊन बस. तुला ते काम येतं.

तुझ्यावरचा लोभ तेव्हापासूनचा आहे, आता काय कमी होणार?

तुझी,
आक्का


दि. १७ मार्च

ती. स्व. आक्कास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस कुणाशी बोललो नाही. हिला वाटलं, आता हेही शिकंज्यात गेले. ओले हात मला आठवत नाहीत गं. पुष्कळ प्रयत्न केला. अबरी चोरल्याबद्दल अण्णांनी कान पिळला होता, तेवढंच आठवतं.

असो. बातमी चांगली आहे! डॉक्टरबाई तरुण आहेत, ठकीपेक्षा फार मोठ्या वाटत नाहीत. घाईत नव्हत्या. एकेक बोट दाबून पाहिलं, रक्त तपासलं. रक्तात सुजेचं प्रमाण बरंच वाढलेलं निघालं. सांध्यांचा आजार आहे, शरीर आपल्याच सांध्यांवर चवताळून उठतं म्हणे. तुला झाला तोच. लवकर सापडलं, त्यामुळे बोटं वाचतील असं त्यांना वाटतं. मी मनाचंही विचारलं. त्या म्हणाल्या की काही तरुण मुलांमध्ये अंगातली अशी सूज आणि मनाची उदासी हातात हात घालून आलेली दिसते. कोण कुणाला घेऊन येतं, हे अजून नीट उलगडलेलं नाही. प्रत्येक उदास मुलाच्या रक्तात सूज सापडते असं नाही, आणि सूज असलेलं प्रत्येक मूल उदास होतं असंही नाही. अभ्यास चालू आहे. त्यांनी सांध्यांची औषधं लिहून दिली आणि मनाच्या डॉक्टरांसाठी वेगळी चिठ्ठी दिली.

आक्का, मला किती हलकं वाटलं म्हणून सांगू! आपली पोर बिघडलेली नाही, सुजली आहे. नातेवाइकांना सांगायलाही बरं. मूळच सापडलं, आता सूज उतरली की उदासीही उतरेल. म्हणून ती दुसरी चिठ्ठी मी खणात ठेवून दिली. मनाच्या डॉक्टरांकडे नेऊन पोरीच्या नावाला उगाच लेबल कशाला? औषधं सुरू झालीत, सकाळी आता पेला एका हातानं उचलते. अजून बोलत नाही, पण येईल. दाराबाहेर बसायचं म्हणशील तर माझे गुडघे आता आठ वर्षांचे नाहीत. जमिनीवर बसलो तर उठवायला क्रेन मागवावी लागेल.

तू म्हणालीस म्हणून पोर वाचली. हा उपकार नव्हे, तुझा हक्कच आहे, आणि तो असाच गाजवत राहा.

तुझा,
बाळ


दि. २४ मार्च

चि. बाळास,
आशीर्वाद.

डॉक्टरबाईंनी दोन चिठ्ठ्या दिल्या, तू एक वाचलीस. शिवण पक्की झाली म्हणून पुठ्ठा न लावताच पुस्तक गिऱ्हाइकाला देतोस का रे?

सुजलेली बोटं चारचौघांत दाखवायची आणि खचलेलं मन खणात ठेवायचं, ही कुठली रीत? त्या बाईंनी कोण कुणाला घेऊन येतं ते ठाऊक नाही म्हणून सांगितलं आणि तू ठाऊक करून मोकळा झालास! सूज उतरेल, उदासी मागे राहू शकते. तिला तिचं वेगळं औषध लागेल, आणि बोलायला माणूस लागेल. ठकीनं आईला सकाळ न होण्याबद्दल जे सांगितलं ते डॉक्टरबाईंना सांगितलंस का? मला खात्री आहे, नाही सांगितलंस. तू छताबद्दल बोललास. आज सांग. उद्या नव्हे. आणि तोवर तिला घरात एकटी ठेवू नका.

म्हणजे तुला लाज वाटते. मला माझ्या वाकड्या बोटांची कधी लाज वाटली नाही, त्या वर्षाची वाटत आली. म्हणून तर आजवर तुलाही बोलले नव्हते. ती लाज त्या पोरीच्या वाट्याला ठेवू नकोस.

आणि बस जमिनीवर. क्रेनचे पैसे मी देते.

रागावले आहे, तरी माया तीच. समजून घे.

आक्का


दि. १२ जून

प्रिय आत्यास,
ठकीचा शि. सा. न. वि. वि.

मायना असाच लिहितात ना? बाबांना विचारून लिहिला. ते म्हणाले की ‘प्रिय’ तुला आवडणार नाही, पण मी तो राहू दिला.

अक्षर बघ, माझंच आहे. सकाळी जरा वेळ लागतो, पण दहाच्या सुमाराला बोटं कामाला येतात. सांध्यांच्या औषधानं मळमळायचं, ते आता कमी झालंय. सूज आधी उतरली, मन नाही उतरलं. म्हणजे वर चढलं नाही, उदासी तशीच. बाबा त्या औषधावर असे रुसले होते जसं काही नव्या मशीननं हमीच्या मुदतीत दगा दिला. मग एके सकाळी ते खणातून एक चिठ्ठी घेऊन वर आले, चपला घाल म्हणाले. मनाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. तिथे त्यांनी डॉक्टरांना माझं सकाळ न होण्याबद्दलचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं, आणि त्यांचा आवाज इतका फाटला की डॉक्टरांनी पाणी आधी त्यांना दिलं.

आता मी त्या डॉक्टरांचंही औषध घेते आणि दर आठवड्याला एका बाईंशी बोलायला जाते. त्या फार बोलत नाहीत, मीच बोलते. आई म्हणते, जुनी ठकी परत आली. तसं नाही गं. काही दिवस बरे असतात, काही दिवस भिंतीकडे तोंड करून पडावंसं वाटतं. पण आता तसं वाटलं की मी ते आईला सांगते, आणि ती चवड्यांवर चालत नाही, धाडधाड जिना चढून येते.

तुला मुख्य सांगायचंय ते वेगळंच. त्या चिठ्ठीनंतरही माझं दार बंदच असायचं. मग रोज दुपारी दुकान बंद झालं की बाबा वर येऊन दाराबाहेर जमिनीवर बसायला लागले. बसताना किती आवाज करतात, तुला कल्पना नाही. मग दाराखालून अबरीचा एक तुकडा आत यायचा. निळा, मोरपंखी, कधी लाल. आणि बातमी. कागदाचा भाव काय झाला, ग्रंथालयाचे साहेब कसे चिकट, जुन्या खंडात कुणी वाळलेलं पान ठेवलं होतं. पहिले काही दिवस मला इतका राग आला! मला काय लहान मूल समजतात? मी तुकडे पायानं सारून दिले. पण ते दुसऱ्या दिवशी हजर. मग मी तुकडे उचलून खिडकीत ठेवायला लागले. नुसते, रंग चांगले होते म्हणून.

मग एका दुपारी बातम्या संपल्या आणि बाबा जाईनात. म्हणजे जायचा प्रयत्न चाललेला मला ऐकू येत होता. कठडा धरायचे, अर्धे उठायचे, मग धप्प. पुन्हा कठडा, पुन्हा धप्प. आई बाजारात गेली होती. मला हाक मारायची सोडून ते तोंडातल्या तोंडात गुडघ्यांना शिव्या देत होते. दाराबाहेर बसायला शिकले, पण शिकंज्यातल्या माणसाला मदतीला बोलवायचं नाही, हे त्यांच्या डोक्यातून अजून गेलं नव्हतं. शेवटी मीच दार उघडलं. माझ्या बोटांत जोर नव्हता, त्यांच्या गुडघ्यांत नव्हता. ओढाओढीत मी पण खाली बसले. तसेच दोघं समोरासमोर बसलो होतो आणि त्यांनी माझे हात हातात घेतले.

त्यावर काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणाले की बाबा, खळीचा वास येतोय, जा, हात धुऊन या.

आत्या, एवढंच म्हणाले गं. नेहमीचंच. त्यांच्या हाताला तो वास असतोच. पण ते माझ्याकडे बघतच राहिले आणि मग ढसाढसा रडायला लागले. मी त्यांना असं रडताना कधी पाहिलं नव्हतं. मग तसेच रडत गुडघ्यांवर रांगत नळापाशी गेले, हात धुतले, आणि ओलेच हात घेऊन परत आले. मी विचारलं की झालं काय. तर म्हणाले, तुझ्या आत्याला विचार.

म्हणून विचारते आहे. पाकीट जरा कमी खळ लावून चिकटव, म्हणजे उत्तर अख्खं मिळेल.

तुझी,
ठकी